परदेशी दिंडे आणि आपले दुकान

पोटाची भूक आणि पंगतीतला मान या दोन गोष्टी आपल्या समाजात कधी वेगळ्या नव्हत्या. भाकरी कशाची मिळाली यापेक्षा ती कुठे बसून, कोणाच्या हातून आणि कोणत्या भांड्यात मिळाली हेच आपल्या वडीलधाऱ्यांच्या जास्त लक्षात आहे. त्यामुळे या वेळी एका पदार्थावर लिहायला बसले आणि लेखणी पदार्थावरून माणसांकडे वळली. वाचक बंधू-भगिनी समजून घेतील.

पदार्थाचे नाव आहे पिएरोगी. नाव परके आहे, पण वस्तू परकी नाही. पिएरोगी म्हणजे पोलंड देशातल्या गोरगरिबांच्या घरचा पदार्थ. गव्हाच्या पिठाची पातळ पारी लाटायची, वाटीने तिच्या गोल चकत्या पाडायच्या, मधे सारण ठेवायचे, अर्धचंद्रासारखी घडी घालून कडा दाबायच्या आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडायच्या. वर तरंगून आल्या की काढायच्या. दिसायला आपल्या करंजीची बहीण, फक्त तळलेली नाही तर उकडलेली. सारण बटाट्याचे आणि घरी फाडलेल्या दुधाच्या चक्क्याचे, नाही तर कोबीचे आणि अळंबीचे. नाताळच्या आदल्या रात्री तिकडे उपवास असतो, तेव्हा कोबी-अळंबीचे पिएरोगी करतात. उन्हाळ्यात रानातली फळे भरून गोडही करतात.

आता आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईला हे वर्णन सांगा. ती म्हणेल, "अगं बाई, ही तर दिंडं!" नागपंचमीला आपल्याकडे चिरायचे नाही, तळायचे नाही अशी रीत होती. म्हणून गव्हाच्या पारीत पुरण भरून, घडी घालून, पातेल्याच्या तोंडाला फडके बांधून त्यावर दिंडे वाफवायची. 1956 नंतर आमच्या घरातून सणवार गेले, पण दिंडे गेली नाहीत. श्रावणात पाऊस लागला, रोजगार बंद पडला की माझी माय म्हणायची, "चला, दिंडं करू, पोट तरी भरंल." गूळ नसला तर तुरीच्या डाळीत तिखट-मीठ घालून तिखट दिंडे व्हायची. वरणातली फळे, शेंगुळे हे सगळे त्याच घराण्यातले. पीठ थोडे, माणसे जास्त, अशा घराने जगात कुठेही काढलेली ती युक्ती आहे. तिबेटी लोकांचे मोमो तेच. 1959 नंतर ते निर्वासित होऊन भारतात आले, त्यांची एक वसाहत आपल्या महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला आहे. आज मोमोची गाडी तालुक्याच्या गावीही दिसते.

हा पोलंडचा पदार्थ आमच्या घरी आला तो माझ्या भाच्यामुळे. माझा भाऊ गवंडीकाम करतो. त्याने पोराला बी. ए. पर्यंत शिकवले. पोराने पोलीस भरतीचे दोनदा प्रयत्न केले. एकदा धावण्यात राहिला, एकदा लेखीत. मग गावात रिकामे बसण्यापेक्षा म्हणून पुण्याला गेला आणि एका छोट्या उपाहारगृहात भांडी घासायला लागला. भांड्यांवरून भाजी चिरण्याकडे, तिथून कणीक मळण्याकडे आणि तिथून शेगडीकडे असा तो अडीच वर्षांत सरकला. तिथे देशोदेशीचे उकडलेले पदार्थ नव्या तऱ्हेने करत. पालक घालून हिरवी पारी, बीट घालून लाल पारी, आत पनीर, मका, खिमा. पिएरोगी तो तिथे शिकला.

मागच्या वर्षी तो परत आला आणि म्हणाला, "बाबा, मी हिंगोलीत दुकान टाकतो."

त्या रात्री घरात जेवण झाले नाही. भाऊ म्हणाला, "तुला शिकवलं कशाला? दुसऱ्याच्या पोटाला रांधायला? ते आपल्या बापजाद्यांनी फुकट केलं, तू पदवी घेऊन करणार?" वहिनी पदराने डोळे पुसत होती. भाच्याने उलट उत्तर दिले नाही. एवढेच म्हणाला, "फुकट नाही बाबा. गल्ल्यावर मी बसणार."

मायचा प्रश्न वेगळाच होता. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिने हळूच विचारले, "लोकं येतील का रे बाळा, आपल्या हातचं खायला?"

या प्रश्नावर सगळे गप्प झाले. तो प्रश्न मायने आपल्या मनाने काढलेला नव्हता. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप वेगळा असायचा. बाहेर छपराच्या वळचणीला खुंटीला टांगलेला. माझे आजोबा तो कप स्वतः काढायचे, पाणी वरून ओतून घ्यायचे, धुवायचे, मग त्यात वरून चहा पडायचा. पिऊन झाला की पुन्हा धुवून खुंटीला. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. मायला तो कप अजून आठवतो, त्याचा कान तुटका होता. जो समाज आपल्याला आपल्या पैशाने त्याच्या कपात चहा देत नव्हता, तो आपल्या ताटात जेवेल का, असा तिचा साधा हिशेब होता.

आणि हा हिशेब फार जुना झाला आहे असेही नाही. दुकानासाठी जागा पाहताना तीन ठिकाणी बोलणी झाली. भाडे ठरले, अनामत ठरली. मग "पूर्ण नाव काय तुमचं?" असे विचारले गेले आणि दुसऱ्या दिवशी "जागा दुसऱ्याला दिली" असा निरोप आला. चौथ्या जागेच्या मालकाने नाव विचारले नाही, भाडे वेळेवर देशील का एवढेच विचारले. अशीही माणसे आहेत, हे लिहिलेच पाहिजे.

त्या दिवसांत मी भावाला एक गोष्ट सांगितली. ती पुष्कळांना माहीत आहे, पण तरुणांनी पुन्हा ऐकावी अशी आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजवाड्याच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारले. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तिथे थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी स्वतंत्र धंदा करायला सांगितले, त्यासाठी मदत केली आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचे चहाचे हॉटेल उभे राहिले. पाटीवर मालकाचे नाव होते, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने चहा प्यायला आणि हॉटेल चालले. ही गोष्ट 1922 पूर्वीची, कारण त्या साली महाराज गेले.

भाऊ म्हणाला, "त्यांना राजा भेटला. आपल्या पोराला कोण भेटणार?"

मी म्हणाले, "दादा, राजा एकदाच येतो. म्हणून बाबासाहेबांनी ते कायद्यात लिहून ठेवलं." आपण संविधानाच्या गोष्टी सभेत ऐकतो, पण त्यात चहाच्या दुकानाचा विषय आहे हे कितीजणांच्या लक्षात असते? कलम 15 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे जाण्यास जात, धर्म, लिंग वगैरे कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला, 1976 मध्ये तो अधिक कडक होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे माझ्या आजोबांचा तो तुटक्या कानाचा कप खुंटीला टांगणारा माणूस कायद्याने गुन्हेगार होता. पण कायदा आपल्याला आत बसण्याचा हक्क देतो. दुसऱ्याला आपल्या दुकानात आणून बसवण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते चवीने, स्वच्छतेने आणि गोड बोलण्याने करावे लागते. भाऊ त्यावर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी थापी आणि ओळंबा घेऊन दुकानाचा ओटा बांधायला गेला.

दुकान सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी मी मायला घेऊन हिंगोलीला गेले. एस. टी.त मायला तिकीट लागले नाही, मला अर्धे लागले. दुकानाचे नाव इथे देत नाही, नाही तर घरची जाहिरात केली असे होईल. सहा टेबले, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला पिवळा रंग, एका कोपऱ्यात पाण्याचा जार. कॉलेजची पोरे-पोरी बसली होती. मायने आधी पाण्याच्या जाराकडे पाहिले. सगळ्यांचे पेले एकाच ट्रेमध्ये पालथे घातलेले होते. मग ती खुर्चीवर नीट टेकून बसली.

फळ्यावर यादी होती. बटाटा-पनीर, अंबाडी-तूरडाळ, वांग्याचे भरीत, चिकन खिमा आणि शेवटी पुरणाचे पिएरोगी तूप घालून. सहा नगांची बशी साठ रुपये. पारीत त्याने दोन भाग गव्हाचे पीठ आणि एक भाग ज्वारीचे घातले होते. नुसत्या ज्वारीची पारी का नाही, असे मी विचारले, तर त्याने पुण्याहून शिकून आलेली गोष्ट सांगितली. गव्हात जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नाही. ज्वारीचे पीठ ताणले की तुटते, म्हणून भाकरी थापावी लागते. पारी करायची तर ज्वारीची उकड काढून ती गव्हाच्या कणकेत मळावी लागते.

आता चवीचे खरे ते लिहिते. अंबाडी-तूरडाळीचा पिएरोगी उत्तम. उकडून नंतर लोण्यावर कांद्यासोबत परतलेला, बाहेरून खरपूस, आत आंबट अंबाडी आणि लसणाची फोडणी. सोबत दह्यात कालवलेला ठेचा. पोलंडमध्ये आंबट साय देतात, त्या जागी याने दही-ठेचा आणला, तो शोभला. बटाटा-पनीरचा चांगला, पण आपल्या जिभेला सपक. भरीत मात्र फसले होते. वांग्याला पाणी सुटून पारी खालून ओली झाली होती. मी तसे सांगितले. तो म्हणाला, "आत्या, भरीत कपड्यात बांधून ठेवायला पाहिजे, नाही का?" मी म्हटले, "आणि थोडं भाजलेलं बेसन घाल." त्याने वही काढून लिहून घेतले. पदवी वाया गेली असे जे म्हणतात, त्यांनी ती वही पाहावी. रोज किती पीठ लागले, किती नग उरले, कोणते सारण परत आले, सगळे लिहिलेले.

मायने पुरणाचा एक खाल्ला आणि म्हणाली, "ही दिंडंच की रे. दिंडं म्हणून का नाही लिहिलं?"

तो हसून म्हणाला, "दिंडं लिहिलं तर पोरं म्हणतात घरी आजी करते. पिएरोगी लिहिलं की साठ रुपये देतात."

मायने मग दुसरा प्रश्न विचारला. "सुकटीची नाही केली?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग आत गेला आणि एक लहान बशी घेऊन आला. सुकट भाजून, कांदा, लसूण, लाल तिखट घालून भरलेले चार पिएरोगी. फळ्यावर नव्हते. खास घरच्यांसाठी केलेले. मी खाल्ले आणि खरे सांगते, त्या दिवशी खाल्लेल्या सगळ्यांत तेच वरचढ होते. "मग फळ्यावर का नाही?" मी विचारले. तो हळू आवाजात म्हणाला, "वास येतो, आत्या. लोकं म्हणतील..." आणि पुढचे वाक्य त्याने गिळले.

ते गिळलेले वाक्य आपल्या सर्वांच्या घरात आहे. पोराच्या डब्यात सुकट द्यायची नाही, कचेरीत वजडीचे नाव काढायचे नाही, शेजारी आले की पातेल्यावर झाकण ठेवायचे. आपल्या खाण्याला पाककृतीच्या पुस्तकांत जागा नव्हती. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या आपल्या माणसांचे खाणे प्रथमच नीट मांडले. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेले. म्हणजे परदेशातला वाचक आपल्या चुलीवरचे वाचतो आहे, आणि आपण मात्र पातेले झाकतो आहोत.

मायने तिची बशी संपवली. म्हणाली, "बाळा, त्या पोलंडवाल्यांनी त्यांच्या गरिबीचं खाणं लपवलं असतं तर तुला कुठून मिळालं असतं?"

माझ्या मायला शाळा माहीत नाही, पण तिने नेमके बोट ठेवले. पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथे 1896 साली दुधाचे पदार्थ आणि साधे जेवण स्वस्तात देणारे पहिले दूध-उपाहारगृह निघाले. पुढे अशी उपाहारगृहे देशभर झाली, सरकारने त्यांना अनुदान दिले आणि कामगार, विद्यार्थी, म्हातारी माणसे तिथे पोटभर पिएरोगी खाऊ लागली. आपल्याकडे 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती आणि पुढे बंद पडली. 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. त्यांनी आपला गरिबीचा पदार्थ टिकवला, त्याची लाज धरली नाही. आज त्याच पिएरोगीला मोठ्या शहरांत मान आहे.

आणि या पोलंडच्या माणसांचे आपल्या महाराष्ट्राशी नातेही आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडचा पूर्व भाग घेतला आणि लाखो माणसे सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकलली. 1941 नंतर सुटका झालेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे गावी 1943 ते 1948 या काळात त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. ती माणसे गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले, ते आजचे गांधीनगर. गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल जिथे चालले, त्याच कोल्हापूरच्या आसऱ्याला हे लोक आले होते. 2019 साली त्यांच्यातली वृद्ध झालेली काही माणसे वळिवड्याला पुन्हा येऊन गेली. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. घर सुटले, गाव सुटले, पण माणूस आपली चव विसरत नाही आणि आसरा देणाऱ्यालाही विसरत नाही.

हे सगळे मी भाच्याला त्या दिवशी सांगितले नाही, तो गिऱ्हाइकांत होता. नंतर फोनवर सांगितले. आता बाजाराच्या दिवशी त्याच्या फळ्यावर शेवटच्या ओळीत 'सुकट पिएरोगी' असे लिहिलेले असते. कधी सगळे संपतात, कधी आठ-दहा उरतात आणि ते घरी येतात. काही लोक फळा वाचून परत जातात, हेही खरे आहे. काही लोक मात्र दूरच्या गावाहून विचारत येतात. भाऊ अजूनही गवंडीकामच करतो, पण संध्याकाळी तिकडे जाऊन बसतो. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याला मालक समजून "भाऊ, किती झाले?" असे विचारले. तो घरी येऊन दोनदा ती गोष्ट सांगत होता.

बहिणींना घरी करून पाहायचे असेल तर कृती देते. दोन वाट्या कणीक, एक वाटी ज्वारीची उकड, चवीपुरते मीठ. गरम पाण्याने मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवावे. अंबाडी निवडून, वाफवून, घट्ट पिळावी. शिजवून घोटलेली कोरडी तूरडाळ, लसूण, तिखट घालून परतावे. सारण गार झाल्यावरच भरावे. पारी पातळ लाटावी, कडा ओल्या बोटाने दाबाव्यात, फट राहू देऊ नये. उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडून वर तरंगल्यावर दोन-तीन मिनिटांनी काढावे. मग चमचाभर लोण्यावर किंवा तेलावर उभ्या चिरलेल्या कांद्यासोबत परतावे. चार माणसांना पुरते.

आणि तरुणांना एवढेच सांगायचे आहे. नोकरीचा अभ्यास जरूर करा, वय आहे तोवर सोडू नका. पण नोकरी लागली नाही म्हणून स्वतःला नापास समजू नका. धंदा करायचा तर आधी दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली तो शिका, रोजचा हिशेब लिहा, अन्नाचा परवाना काढा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आपल्यासाठीच आहे, तिथे जाऊन योजना विचारा, दलालाला पैसे देऊ नका. आणि वडीलधाऱ्यांनो, आपल्या पोराने दुकान टाकले तर पहिल्या दिवशी हार घालून परत येऊ नका. दर आठवड्याला जा, पैसे देऊन खा, आणि जे बिघडले असेल ते घरच्यासारखे स्पष्ट सांगा. आपल्या दुकानाला राजाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपण एवढी माणसे आहोत, एकेक बशी जरी मागवली तरी दुकान चालते.